मालकांच्या खोलीतल्या फळ्या

सुताराला त्या दिवशी फक्त चार फळ्या हव्या होत्या. फाटकवाल्या काकांनी गोष्ट सुरू केली ती अशी, अगदी सहज, चहाचा पेला खाली ठेवता ठेवता.

उद्यानात मार्गदर्शक म्हणून नव्याने लागलेली पोरंपोरी फाटकाशेजारच्या ओसरीवर बसली होती. अंधार पडून बराच वेळ झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना जुनं घर दाखवणार होते, आणि वरच्या मजल्यावरची एक खोली कायमची बंद का, असं एकीने विचारलं होतं.

"दुरुस्ती चालू असेल," एक जण म्हणाला.

"हो. माझ्या नोकरीच्या आधी सुरू झाली, मी निवृत्त झालो तरी चालूच," काका म्हणाले. "ऐका. हा सुतार माझा साडू. त्याच्या तोंडून ऐकलंय तेच सांगतो, पदरचं काही नाही."

तर सुतार. हात कसबी, तोंड फटकळ. उद्यानातल्या पाणथळीवरून लाकडी पायवाट जाते ना, लव्हाळ्यातून वळणं घेत थेट जुन्या घराच्या मागच्या दारापर्यंत, ती सांभाळणं हे त्याचं काम. त्या वर्षी पावसाने वळणावरच्या चार फळ्या कुजवल्या. नवं लाकूड यायला उशीर झाला. व्यवस्थापक बाई रोज विचारायच्या. शेवटी म्हणाल्या, "सोमवारी वाट उघडली नाही, तर मी दुसरा सुतार बघते. क्वार्टरही त्यालाच लागेल."

क्वार्टरमध्ये बायको होती, लेक होती. लेक उद्यानातच पाहुण्यांना पक्षी दाखवायची, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. राहायला दुसरा मजला, खाली फरसबंदी अंगण.

सुताराने मेहुण्याला गाठलं. बायकोचा धाकटा भाऊ जुन्या घराचा रखवालदार होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"वरची खोली उघड," सुतार म्हणाला. "गालिच्याखाली जुनं सागवान आहे. पाहुणे वर जात नाहीत. चार फळ्या काढतो, नवं लाकूड आलं की परत बसवतो."

"भावोजी, ती मालकांची खोली आहे."

"मालकाला मरून किती वर्षं झाली?"

"मरून झाली. गेलाय असं कुणी म्हणालं?"

या मालकाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की म्हातारपणी तो त्या खोलीतून बाहेर पडत नसे आणि दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नसे. डॉक्टर आला तरी काठी उगारायचा. पोटच्या मुलाला त्याने भर थंडीत खोलीबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. सगळ्यांना एकच शब्द. बाहेर हो.

पण क्वार्टर जाण्यापुढे मेलेल्या म्हाताऱ्याचं काय! मेहुण्याने किल्ली फिरवली. सुताराने भिंतीकडच्या चार फळ्या उचकटल्या, वर गालिचा सारखा केला. पायवाटेवर तीन फळ्या नेमक्या बसल्या. चौथी वीतभर लांब निघाली. कोनाड्यात शिरलेलं टोक होतं ते. सुताराने करवतीने तेवढं कापलं. तुकडा फेकून देववेना, इतकं दळदार लाकूड. खिशात घालून घरी नेला.

चिमणीची खाट एका पायावर डुगडुगायची. "सुताराच्या घरची खाट आहे हो, सगळ्यांना दाखवा," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. सुताराने तुकडा त्या पायाखाली सरकवला. खाट गप्प झाली. बायकोही.

सोमवारी वाट उघडली.

मंगळवारी एका बाईंचा कुत्रा वळणावर येऊन बसला. ओढला, दटावला, हलेना. शेवटी त्या त्याला उचलून मागे घेऊन गेल्या. बुधवारी एक गृहस्थ तिथेच तोंडावर पडले. उठून मागच्या माणसावर धावून गेले, "ढकलता काय?" मागचा माणूस चांगला दहा हात लांब होता.

आणि गुरुवारी संध्याकाळी चिमणी पाण्यात पडली.

छातीइतकं पाणी होतं, खाली चिखल. लोकांनी ओढून काढली. घरी आली तेव्हा थरथरत होती, पण थंडीने नव्हे. रागाने.

"बाबा, मला ढोसलं. पाठीत. मागे कुणीच नव्हतं."

आईने सदरा वर करून पाहिलं. दोन खांद्यांच्या मधोमध एक गोल निळा डाग. काठीचं टोक असतं, तेवढा.

"आणि कुणीतरी बोललं," चिमणी म्हणाली. "अगदी कानाशी. बाहेर हो."

सुताराच्या हातातला घास हातातच राहिला.

"रविवारी माझ्याबरोबर बालवाडीची मुलं आहेत," चिमणी म्हणाली. "चाळीस. त्या वळणावरून."

"नको नेऊस."

"का? कारण सांगा, नाही नेत."

कारण सांगायचं, तर फळ्यांची चोरी सांगावी लागणार.  पण सुताराच्या मनात ठरलं, की रविवार उजाडायच्या आत फळ्या होत्या तिथे गेल्या पाहिजेत. नवं लाकूड शुक्रवारी आलंच.

तो नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. चंद्र नव्हता. उद्यान बंद झालं, बाईंची गाडी गेली, आणि सुतार आणि मेहुणा नव्या फळ्या, पहार आणि कंदिलासारखी एक बॅटरी घेऊन पायवाटेवर निघाले.

"मी एवढंच म्हणतो," मेहुणा म्हणाला, "की माझ्या बहिणीने त्या वेळी माझं ऐकायला हवं होतं. शिंप्याचं स्थळ आलं होतं. शिंपी माणूस काय चोरतो? चिंधी."

"तोंड बंद ठेव आणि उजेड धर."

बेडूक नुसते कलकलत होते. लव्हाळ्यातून वारा सळसळत होता. वळण आलं. सुतार गुडघे टेकून सागवानी फळीवर बसला.

आणि बेडूक थांबले.

त्याने मान वर केली. वाराही अंगाला लागत नव्हता. समोर लव्हाळी हलत होती, पण आवाज नव्हता. नाकात कोंडलेल्या खोलीचा वास शिरला. जुन्या गाद्या. औषधं.

"बेडूक का थांबले रे?"

मेहुण्याचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही.

सुतार एक पाऊल मागे, जुन्या साध्या फळीवर सरकला. बेडूक कर्कश ओरडत होते. मेहुणा म्हणत होता, "...थांबलेत कुठे? कान फुटायची वेळ आली!"

पुन्हा पुढे. शांतता.

सुताराला तेव्हा कळलं. आपण फळ्या आणलेल्या नाहीत. आपण खोली आणली आहे.

छताशिवाय, भिंतींशिवाय, ती इथे उघड्यावर पसरलेली. आणि गेले सहा दिवस अख्खं गाव तिच्यातून चपला घालून ये-जा करतंय.

त्याने पहार घातली. पहिली फळी निघाली. दुसरी. तिसरीला हात लावला तेव्हा पाठीमागे, अगदी जवळ, कडी वाजली.

दाराची कडी.

पाण्यावर.

त्याने वळून पाहिलं नाही. तिसरी निघाली. चौथीवर कुणीतरी उभं असल्यासारखी ती जड. दोघांनी ओढली तेव्हा सुटली. घाईघाईने नव्या फळ्या ठोकल्या, जुन्या खांद्यावर घेतल्या, आणि मागच्या दाराने घरात.

"आणि मेहुणा?" ओसरीवरच्या पोरीने विचारलं. "पळाला असेल."

"पळणार होता. पण चिमणीचा मामा होता ना तो," काका म्हणाले. "थांबला. मात्र जिन्याखाली."

सुतार एकटा वर गेला. गालिचा गुंडाळला, फळ्या मांडल्या. एक, दोन, तीन. चौथी. भिंतीशी वीतभर फट उरली.

तो तुकडा...

फटीतून उजेड टाकला. खाली दिवाणखान्याच्या छताचा गिलावा दिसायला हवा होता. दिसला फक्त अंधार. आणि त्या अंधारातून, अगदी स्पष्ट, बेडकांचा आवाज. चिखलाचा वास.

मग खोलीत काठी टेकली.

ठक.

पलंगापाशी.

ठक.

सुतार भिंतीला चिकटला. काठी त्याच्या जवळून गेली. त्याच्याकडे वळली नाही. सावकाश. फटीकडे. तिथे थांबली.

शांतता.

पुढची ठक खालून आली. फटीच्या आतून. मग आणखी खालून. लांबून...

कुठे गेला हा?

आणि सुताराच्या डोळ्यांपुढे खाटेचा पाय आला.

जिना त्याने कसा उतरला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. मेहुण्याला एवढंच ओरडून सांगितलं, "घरी! चिमणी!" दोघे धावले. क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर बायको चिमणीच्या खोलीचं दार बडवत होती.

"आतून कडी आहे! मघापासून... अहो, ती बोलत नाहीये! आत कुणीतरी चालतंय!"

दार सुतारानेच बनवलेलं होतं. कडी कुठे कच्ची आहे ते त्याला ठाऊक होतं. खांद्याचा एक धक्का, आणि आत.

खिडकी सताड उघडी. चिमणी तिच्या बाहेर, वीतभर रुंद पट्टीवर उभी. तोंड आत, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. खाली फरसबंदी. तिचे डोळे खोलीच्या मध्यावर खिळलेले. तिथे कुणी नव्हतं.

"बाबा," ती पुटपुटली. "तो बाहेर हो म्हणतोय. मी किती बाहेर होऊ?"

ठक.

खिडकीच्या दिशेने.

चिमणीचा एक हात सुटला.

बाप लेकीकडे धावला नाही. त्याने खाटेखाली उडी घेतली. पायाखालचा तुकडा दोन्ही हातांनी उपसला. खाट धाडकन कलली. त्याच क्षणी मामाने भाचीचं मनगट पकडून तिला आत ओढलं.

तुकडा बर्फासारखा गार होता. सुताराने तो छातीशी धरला.

"चला, मालक," तो म्हणाला.  "चुकलो. तुमच्या खोलीत चला."



सुतार निघाला. जिना उतरला. अंगण ओलांडलं. पाणथळीवर आला. मागे, काही हातांवर, ठक. नव्या फळ्यांवर. ठक. बेडूक पूर्ण गप्प होते, सगळ्या पाणथळीभर. तो थांबला नाही. वळला नाही. एकदा ठेचकाळला तेव्हा पाठीत काहीतरी टोचलं. ढोसलं नाही. नुसतं टेकवलं. चल.

घर. जिना. खोली.

त्याने तुकडा फटीत ठेवला. तो आपोआप बसला, जणू कधी कापलाच नव्हता. खाली बेडकांचा आवाज बंद झाला. सुतार उलट्या पावलांनी उंबऱ्याबाहेर आला.

मागोमाग दार लागलं. आतून कडी पडली.

काका थांबले. पेल्यातला चहा कधीच गार झाला होता. 

"आणि चिमणी?"

"दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन गेली. त्याच वळणावरून. काही झालं नाही. पण खाट तिने आयुष्यात पुन्हा कधी खिडकीच्या भिंतीला लावली नाही, मधोमध घेऊन झोपायची. पाठीवरचा तो डाग काही गेला नाही."

"म्हणजे गोष्ट खरी असल्याचा पुरावा तो डाग?"

"नाही." काकांनी घसा साफ केला. "सकाळी सुतार आणि मेहुणा परत वर गेले. फळ्या नुसत्या मांडलेल्या होत्या ना, त्या ठोकायच्या होत्या. पिशवीत खिळे, हातात हातोडी. आतली कडी निघालेली होती. दार ढकललं, तर ते सहज उघडलं. फळ्या ठोकलेल्या होत्या."

"मालकांनी?"

"मला काय माहीत? एवढंच सांगतो, की ठोकल्या होत्या खालच्या बाजूने. खिळ्यांची टोकं वर आलेली, बोटभर. त्या चार फळ्यांचीच नव्हे. सगळ्या खोलीभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पलंगापर्यंत जायला पाऊल ठेवण्यापुरती जागा नाही. खाली दिवाणखान्यात येऊन त्यांनी छत पाहिलं. गिलाव्याला तडासुद्धा नव्हता."

कुणीतरी हळूच ओसरीच्या फळीवरून पाय वर घेतले.

"बाईंना कळू नये म्हणून मेहुण्याने दुरुस्तीचं कारण सांगून कुलूप घातलं, ते आजपर्यंत. उद्या वर जाल तेव्हा दाराखालच्या फटीतून बघा. उंबऱ्याच्या अलीकडून." काकांनी फाटकाकडे हात केला. "इथे पाणथळीचा इतका दमटपणा, की फाटकाचं कुलूप दर पावसाळ्यानंतर बदलावं लागतं. गंजून जातं. त्या खोलीतले खिळे मात्र अजून नव्यासारखे चकचकताहेत."