एकतिसावा प्रतिमानव

समोरचा माणूस खरा नाही हे माहीत असूनही केतकीने टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवला. डबा काचेवर आपटला आणि तिथेच थांबला.

मिरजेच्या न्यायमानसशास्त्र प्रशिक्षण केंद्रातलं हे टेबल अर्धं लाकडाचं होतं आणि उरलेलं अर्धं भिंतीएवढ्या पडद्याच्या आत. पलीकडच्या अर्ध्या टेबलाशी भास्कर नावाचा पन्नाशीचा कैदी बसला होता. त्याचे खांदे हलत होते, आवाज फुटत नव्हता. "त्या मुलीचं आयुष्य मी नासवलं, मॅडम," तो म्हणाला. "मला आरशात बघवत नाही."

भास्कर हा प्रतिमानव होता. हजारो खऱ्या कैद्यांच्या नोंदींमधून नावगाव पुसून यंत्राने घडवलेला. लैंगिक गुन्ह्यातल्या प्रत्येक कैद्याचं, शिक्षा संपायच्या तीन वर्षं आधी, मानसतज्ज्ञाने मूल्यमापन करायचं असा नवा कायदा झाला होता, आणि ते काम शिकायला अकरा प्रशिक्षणार्थी सहा महिन्यांसाठी इथे आले होते. सत्तावीस वर्षांची केतकी बिडकर त्यांत सगळ्यात लहान.

तीन दिवस भास्करशी बोलून तिने लिहिलं: धोका कमी. पश्चात्ताप खरा वाटतो.

"आता कालधाव," डॉ. रुक्साना मुजावर म्हणाल्या. केंद्राच्या प्रमुख असलेल्या मुजावरबाईंनी तीस वर्षं तुरुंगांमध्ये काम केलं होतं. "आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण काय, सांग बरं. सर्जनला आठवड्याभरात कळतं, टाका बसला की नाही. आपण अहवाल देतो, माणूस निघून जातो, आणि आपण बरोबर होतो की चूक हे दहा-दहा वर्षं कळत नाही. म्हणून चुकांतून शिकताच येत नाही. हे यंत्र नुसता माणूस बनवत नाही. त्याचं गाव, त्याचं घर, पोलीस, मालक, शेजारी, न्यायाधीश, सगळं बनवतं. तुझा अहवाल त्या जगात दाखल होतो आणि दहा वर्षं तासाभरात धावतात."

तासाभराने पडद्यावर दोन ओळी उमटल्या. सुटकेनंतर चौथ्या वर्षी पुन्हा गुन्हा. भाकीत चूक.

केतकीचे कान तापले. "पण तो रडत होता, मॅडम. खोटं रडत नव्हता."

"खोटं नव्हतंच. रडणं खरं असतं. फक्त पुढच्या वागण्याबद्दल ते फारसं काही सांगत नाही. उलट आढ्यतेने सगळं नाकारणारा एखादा पुन्हा कधीच तसं करत नाही. समोर बसलेल्याबद्दल आपल्याला काय वाटलं, ते अहवालात येता कामा नये."

त्या दिवशी केतकी जेवली नाही. चौथ्या वर्षी बळी पडलेली ती मुलगी खरी नव्हती, कुठल्याही गावात नव्हती, तरी तिच्या डोक्यातून जाईना. आपल्या सहीमुळे ते झालं, एवढंच तिला दिसत होतं.

त्यानंतर तिने कुणाच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. आधीचे गुन्हे किती, वय काय, ओळखीच्या मुलीवर की अनोळखी, व्यसन, उपचार अर्धवट सोडले का, हे सगळं ती काटेकोर तपासू लागली. तिचे अहवाल दोन पानांचे आणि स्पष्ट असत. प्रशिक्षणासाठी प्रकरणंही अवघडच निवडलेली होती, त्यामुळे बहुतेकांपुढे ती लिहायची: धोका जास्त. आणि ते खरं ठरायचं. पाचव्या महिन्यापर्यंत तिच्या तीस भाकितांपैकी सव्वीस बरोबर आली होती. फळ्यावर कुणी तरी सगळ्यांचे आकडे लिहून ठेवायचं, त्यात तिचं नाव सगळ्यात वर असे.

सगळ्यात खाली असत जयवंत ओहोळ. चव्वेचाळीस वर्षांचे, परभणीकडे वीस वर्षं परिवीक्षा अधिकारी म्हणून काम केलेले. सुटलेल्या लोकांच्या घरी जाऊन चौकशी करण्यातच त्यांचा जन्म गेला होता. ते प्रतिमानवाला विचारत, "तुमच्याकडे सकाळी चहा कोण करतं?" त्यांचे अहवाल पंधरा-पंधरा पानांचे. तेही बहुतेकांपुढे 'धोका जास्त' लिहीत, पण त्यांच्या कालधावेत काही घडतच नसे. तीसपैकी बावीस भाकितं चूक.

"ओहोळदादा, तुमचं नशीबच खोटं," मुलं चिडवत. ते हसून डबा उघडत.

शेवटच्या परीक्षेला सगळ्यांना एकच प्रतिमानव दिला गेला, एकतिसावा. नाव रघुनाथ. भाचीच्या मैत्रिणीवर अत्याचार केलेला, अबोल, काही कबूल न करणारा. केतकीने लिहिलं: धोका अतिशय जास्त. ओहोळांचा निष्कर्षही तोच होता, शब्दन् शब्द.

तिचं भाकीत खरं ठरलं. त्यांचं खोटं.

केतकी थेट मुजावरबाईंच्या खोलीत गेली. ओहोळांनाही तिने सोबत ओढलं होतं. "मॅडम, यंत्रात बिघाड आहे. माणूस तोच, निष्कर्ष तोच. मग दोन वेगवेगळे शेवट कसे?"

"बिघाड नाही. बस." बाईंनी दोन्ही कालधावा शेजारी शेजारी उघडल्या. "तुझा अहवाल काय म्हणतो?"

"सुटल्यास पुन्हा गुन्हा करण्याची दाट शक्यता. उपचारांना प्रतिसाद संभवत नाही."

"आता बघ त्या जगात तो कोणी कोणी वाचला. तुरुंगाने उपचारगटातून त्याचं नाव काढलं, कारण तू लिहिलंस की उपयोग नाही. तीन वर्षं तो भिंतीकडे बघत बसला. शिक्षा संपली, तेव्हा सुटणारच होता. तुझ्या अहवालाने शिक्षा वाढत नाही, केतकी. अहवाल वाचून कुणी काम दिलं नाही, खोली दिली नाही. दारू सुरू झाली. शेवटी दूरच्या एका बहिणीने माजघरात जागा दिली. त्या घरात नऊ वर्षांची मुलगी होती."

केतकीने पडद्यावरून नजर काढली.

"आणि दादांचा?"

ओहोळ संकोचले. "मी फक्त धोका कधी आणि कुठे, ते लिहिलं. माणूस बेकार असतो, एकटा असतो, पितो आणि घरात मूल असतं, हे चारही एकत्र आलं की धोका. मग ते एकत्र येऊ नये म्हणून काय करायचं, ते लिहिलं. तीन वर्षं गटउपचार सक्तीचे. मुलं असलेल्या घरात राहायला बंदी. इचलकरंजीला यंत्रमागावर मोठ्या माणसांत काम. आठवड्याला हजेरी. आणि एक फोन नंबर, मन घसरायला लागलं तर लावायचा."

"सहाव्या वर्षी त्याने तो नंबर लावला," बाई म्हणाल्या. "स्वतःहून. त्या महिन्यात त्याला परत गटात घेतलं. पुढे काही घडलं नाही. म्हणून दादांचं भाकीत खोटं."



"माझ्या अहवालात एकही शब्द खोटा नव्हता," केतकी म्हणाली.

"नव्हता. पण हा काही हवामानाचा अंदाज नाही. वेधशाळा काही का लिहीना, पाऊस ते वाचत नाही. आपलं लिहिलेलं माणसं वाचतात, आणि वाचून वागतात." बाईंनी एक तक्ता पुढे केला. "फळ्यावर जो आकडा तुम्ही लिहीत होतात, तो मी कधीच मागितला नव्हता. परीक्षेत मी एकच गोष्ट मोजते. तुमच्या अहवालानंतर त्या जगात किती जणांना इजा झाली."

केतकीच्या नावापुढे एकोणतीस होते. ओहोळांच्या नावापुढे सात. ते पहिले आले होते. ती नापास होती.

तिने तक्ता बाजूला सरकवला. मग तिने विचारलं, "दादांच्या जगात ती मुलगी आहे का? बहिणीची?"

"असणार. यंत्र कुणाला पुसत नाही." बाईंनी शोधलं. दहाव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती मुलगी पंधरा वर्षांची होती. वसतिगृहाच्या खोलीत बसून मैत्रिणीशी भांडत होती, तिची वही कुणी नेली म्हणून.

"बास?" केतकीने विचारलं.

"बास. तिला काहीच माहीत नाही."

केतकी हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. तिने अभ्यासक्रम पुन्हा केला. या वेळी प्रत्येक मुलाखतीनंतर ती ओहोळदादांना फोन करून विचारायची, "आणखी काय विचारायला हवं होतं?"

तिचं पहिलं खरं प्रकरण सोलापूर जिल्ह्यातलं होतं. सुनावणीनंतर पीडित मुलीची आई व्हरांड्यात उभी होती. "मॅडम, खरं सांगा. हा परत असं करील?"

"आज आहे तसा सोडला तर करील," केतकी म्हणाली. "म्हणून तर तीन वर्षं आधी बघतोय. तुम्हाला काय हवं, तेही मला लिहायचंय."

आईने पदराने तोंड पुसलं. "माझी पोर ज्या रस्त्याने कॉलेजला जाते, त्या रस्त्याला तो दिसायला नको. त्या तालुक्यातच नको."

केतकीने ती अट पहिल्या क्रमांकावर लिहिली.

तो सुटला त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हा पुनरावलोकन कक्षातून एका कारकून बाईंचा फोन आला. आवाज अवघडलेला होता. "मॅडम, तुम्ही धोका जास्त लिहिला होता. पण या माणसाविरुद्ध एकही तक्रार नाही हो. नियमाप्रमाणे भाकीत चूक असं नोंदवावं लागेल. तुमची हरकत असेल तर अर्ज करता येतो."

"हरकत नाही," केतकी म्हणाली. "नोंदवा."

फोन ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. खऱ्या जगात दुसरी कालधाव उघडून बघता येत नाही. या नऊ वर्षांत कुणाच्या वाट्याला काय आलं नाही, त्यामुळे वाचलेली मुलगी कोण, कुठल्या गावची, हे तिला कधीच कळणार नव्हतं. खाली रस्त्यावर शाळा सुटली होती. पुढच्या माणसाची फाईल टेबलावर होती. तिने खुर्ची ओढली आणि पहिला प्रश्न लिहिला.