बंद दाराचा फोटो

"खोटं! साफ खोटं!"

टिटवी एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी दार उघडून वर पाहिलं. चौथ्या मजल्यावर, टिटवीच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत, कॅरमचा डाव मांडलेला होता आणि तो सोडून चौघं एका मोबाइलवर डोकी टेकवून बसली होती.

लांबूने मोठ्याने वाचलं, "आज अकरा वाजून दहा मिनिटांनी आपले पार्सल आणले होते. घरी कोणी नव्हते. हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. पार्सल आज दुपारी एकच्या गाडीने पाठवणाऱ्याकडे परत जाईल."

"अकरा दहाला तर मी इथे बसून राणी घेत होतो!" तोच पुढे म्हणाला.

"घेत नव्हतास, घालवत होतास," वकील म्हणाली. "पण बसला होतास हे खरं. आम्ही साक्षीदार आहोत."

वकील म्हणजे शेजारची मुलगी. वय बारा, आणि वाद घालायला लागली की भिंतसुद्धा हार मानेल. लांबू तिच्याच वर्गातला, ताडमाड उंच. सात वर्षांचा शेपूट हा लांबूचा भाऊ. नाव कसं पडलं ते सांगायलाच नको. लांबू जाईल तिथे तो मागे असायचाच. आणि टिटवीला टिटवी म्हणत, कारण ती साधी गोष्टसुद्धा ओरडून सांगायची. त्याला ती तरी काय करणार? घरी आजोबांशी तसंच बोलावं लागे.

आजोबांचं कानातलं यंत्र महिन्यापूर्वी तोंड धुताना पाण्याच्या बादलीत पडलं. दुरुस्तीला परगावी पाठवलं, आणि आजोबांचं जग गप्प झालं. यंत्र नीट होऊन निघालं, गावात पोचलंही. फक्त घरी येईना. परवा निरोप आला, घरी कोणी नव्हते. काल पुन्हा तोच निरोप. आई-बाबा कामावर, टिटवी सकाळच्या शाळेत आणि आजोबांना घंटा ऐकू येत नाही, म्हणून असं झालं असेल, असं सगळ्यांना वाटलं. तक्रारीच्या नंबरावर बाबांनी तासभर गाणं ऐकलं, माणूस काही बोलला नाही. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून चौघं दारातच ठाण मांडून बसली होती. लिफ्ट दोन महिने बंद होती. येणारा माणूस जिन्यानेच येणार, आणि जिना त्यांच्या ताब्यात होता!

"तीन तासांत वर कोण आलं?" वकिलीने विचारलं.

"एक मांजर," शेपूट म्हणाला.

टिटवी हसली नाही. तिला हसू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब गावी आजोबांचा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला होता. टिटवी त्यांना छोटे आजोबा म्हणायची. डॉक्टरांनी आता दिवस मोजायला सांगितले होते. आजोबांचं हृदय असं, की त्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता. रोज दुपारी बाराला तिकडून फोन यायचा. छोटे आजोबा बोलायचे, टिटवी ते कागदावर लिहून आजोबांना दाखवायची. पण एक गोष्ट ते तिला सांगत नव्हते.

"ती दादालाच सांगायची आहे," ते म्हणायचे. रोज आवाज आदल्या दिवसापेक्षा बारीक.

"मला सांगा ना, मी लिहून देते."

"नाही गं. ते त्याच्या कानातच सांगायचं. यंत्र आलं की सांगेन."

आणि आता यंत्र परत निघालं होतं.

"थांबा," वकील म्हणाली. "निरोपाखाली फोटो आहे. पुरावा म्हणून."

फोटोत एक बंद दार होतं. तपकिरी रंगाचं. दाराशी निळी बादली आणि उलटा उभा केलेला, दांडा मोडलेला खराटा.

"आमचं दार हिरवं आहे," टिटवी म्हणाली.

वकिलीने कालचा फोटो उघडला, मग परवाचा. तेच दार, तीच बादली, तोच खराटा. "तीन दिवसांत खराटा जागचा हलला नाही! असलं आळशी घर आपल्या इमारतीत नाही."

"आमचं आहे थोडं तसं," शेपूट प्रामाणिकपणे म्हणाला. लांबूने त्याला टपली मारली.

तरी शेपूट चारही मजल्यांवरची दारं पाहून आला. तपकिरी दार एकही नव्हतं. तेवढ्यात लांबूने खालच्या कचऱ्याच्या डब्यातून कुणीतरी फेकलेलं एक खोकं उचलून आणलं. त्याच पार्सल कंपनीचं! चिठ्ठीवर वितरण केंद्राचा पत्ता होता : जुन्या बर्फाच्या कारखान्यामागे.

"सायकलने अर्धा तास," लांबू म्हणाला. "आत्ता साडेअकरा होत आलेत. निघायचं?"

टिटवी आत पळाली. आजोबा खिडकीशी बसले होते. पार्सल घेताना फोनवर येणारा आकडा सांगावा लागतो, म्हणून तिने घरचा तोच मोबाइल पिशवीत टाकला. "आजोबा! यंत्र आणायला जातोय!"

आजोबांनी हसून मान डोलावली. ऐकू आलं नाही की ते नेहमी तसंच करायचे.

रस्ता उन्हाने तापला होता. पुढे टिटवी, मागे वकील, त्यामागे लांबू आणि त्याच्या मागच्या बैठकीवर शेपूट. मालट्रक भोंगे वाजवत अंगावरून जात होते. एकदा लांबूच्या सायकलची साखळी निघाली. ती बसवेपर्यंत दहा मिनिटं गेली आणि चौघांचे हात काळे झाले. टिटवी सगळ्यांआधी सायकलवर चढली. ती नुसती रस्त्याकडे बघत होती.

केंद्रात खिडकीपुढे दहा-बारा माणसांची रांग होती आणि खिडकीच्या आत एक गलेलठ्ठ कारकून चहा पीत होता.

"काका, आमचं पार्सल आज परत चाललंय. इथेच द्या ना!"

कारकुनाने पडद्यावर पाहिलं. "माणूस येऊन गेलाय तुमच्याकडे. तीनदा. घर बंद."

"घर उघडं होतं! आम्ही दारात बसलो होतो!"

"फोटो आहे." त्याने चहाचा घोट घेतला. "फोटो खोटं बोलत नाही, बाळ. पुढचे या."

टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात शेपूट लांबूचा सदरा ओढायला लागला. "दादा, मला लागलीय."

"आत्ता?"

"केव्हाची लागलीय! तू सायकल थांबवली नाहीस!"

रांगेतल्या एका आजीबाईंनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. शेपूट पळाला. अर्ध्या मिनिटात तिकडून त्याची किंकाळी आली.

"वकीलताई! तुमचं दार सापडलं! इथंच आहे!"

सगळी मुलं धावली. बोळाच्या टोकाला तपकिरी दार होतं. दाराशी निळी बादली, आणि दांडा मोडलेला खराटा तिथेच, तसाच! दारावर खडूने लिहिलं होतं : परतीचा माल.

मग वकिलीने टिटवीच्या हातातला मोबाइल घेतला, तडक खिडकीपाशी गेली आणि फोटो कारकुनाच्या नाकासमोर धरला.

"काका, हे दार कुणाच्या घराचं?"

"पार्सल घेणाऱ्याच्या."

"नक्की?"

"फोटो आहे ना!"

"मग पार्सल घेणारे तुमच्याच बोळात राहतात! ते दार वाजवा आणि आतल्या आत देऊन टाका. जिनासुद्धा चढायला नको!"

रांगेत हशा पिकला. मग आजीबाईंनी आपला मोबाइल काढला. "अगं बाई! माझ्याकडेही हीच बादली!"

"माझ्याकडे पण!"

"आणि मी दोन दिवस रजा काढून घरात बसलोय की हो!" एक माणूस जवळजवळ रडकुंडीला आला.

गलका ऐकून वरच्या खोलीतून मोठे साहेब उतरले. कारकुनाने चहा खाली ठेवला. कोपऱ्यात पिशव्या भरणारा एक पार्सलवाला मान खाली घालून पुढे आला. "साहेब, दिवसाला नव्वद पार्सलं. लिफ्ट नसलेल्या इमारती केल्या की संध्याकाळपर्यंत निम्मीही होत नाहीत. या कारकुनांनीच सांगितलं, अशांचे फोटो सकाळी इथेच काढून घे म्हणून." त्याच्या सदऱ्याची पाठ घामाने पांढरी पडली होती. टिटवीला त्याचा राग येता येता राहिला.

साहेबांनी स्वतः तपकिरी दार उघडलं. आत छतापर्यंत खोकी होती. एकची गाडी भरायला सुरुवातही झाली होती. टिटवीचं खोकं वहीएवढं लहान. ते गाडीतून उतरवून साहेबांनी तिच्या हातात दिलं. "फोनवर आलेला आकडा सांग."

आकडा बघायला टिटवीने फोन पुन्हा हातात घेतला. वर आकडा होता. त्याखाली लिहिलं होतं, न घेतलेले फोन, सात.

सातही छोट्या आजोबांच्या घरून. पहिला अकरा छत्तीसचा. पिशवीत, भोंग्यांच्या गोंगाटात, फोन वाजत राहिला होता. मघाशी फोटो दाखवायच्या घाईत तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

तिने लगेच फोन लावला. तिकडून काकू, छोट्या आजोबांची सून, बोलल्या.

"अगं, होतात कुठे तुम्ही? आज सकाळी जरा हुशारी आली होती त्यांना. स्वतःहून म्हणाले, दादाला लाव, नाहीतर त्या पोरीला तरी दे. किती वेळा लावला! घरी कुणीच नव्हतं का?" काकूंचा आवाज फुटला. "आता बोलत नाहीत गं. हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत."

परतीची वाट कशी कापली ते टिटवीला आठवत नाही. लांबूने तिला आपल्या सायकलवर पुढे घेतलं, तिची सायकल तिथेच ठेवली आणि उभ्याने पायडल मारलं. वकील शेपटाला घेऊन मागून आली आणि वाटेत एकदाही वाद घातला नाही. चार मजले टिटवी न थांबता चढली.

आजोबा अजून खिडकीशीच होते. तिने यंत्र त्यांच्या कानात बसवलं, कळ दाबली.

"केवढ्या धापा टाकतेस!" आजोबा म्हणाले. मग स्वतःच दचकले आणि आनंदाने हसले. "ऐकू येतंय की गं!"

त्या हसण्यापुढे बोलायचं म्हणजे टिटवीच्या जिवावर आलं. पण बोलावं लागलं. छोटे आजोबा आता बोलत नाहीत एवढं तिने सांगितलं. सात फोनांचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आजोबांनी फोन कानाला धरला. तिकडे काकूंनी आपला फोन छोट्या आजोबांच्या तोंडाशी नेला.

"धाकट्या," आजोबा म्हणाले. "आलं रे यंत्र. बोल आता. काय सांगायचं होतं?"

खोलीत नुसता घड्याळाचा आवाज.

"बोल रे. मी आहे."

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी ओळखीचं आल्यासारखं झालं. "घोरतोय," ते हळूच म्हणाले. "लहानपणी एका चटईवर झोपायचो आम्ही. रात्रभर असाच घोरायचा. मी कोपराने ढोसायचो, गप रे म्हणून." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "घोर रे, घोर."

जिन्यात पावलं वाजली. केंद्रातल्या आजीबाई शेजारच्याच इमारतीतल्या निघाल्या होत्या. त्यांनी बातमी पोचवली होती. सोसायटीचे सेक्रेटरी, शिक्षिकाबाई आणि अजून चार माणसं दारात आली. "शाबास! अहो, एवढ्याशा पोरांनी मोठमोठ्यांचं पितळ उघडं पाडलं! यांचा सत्कारच..."

आजोबांनी हात वर केला. "जरा हळू हो. मी भावाचं ऐकतोय."

सेक्रेटरी तोंड उघडं ठेवूनच गप्प झाले. कुणी बसलं नाही, कुणी गेलं नाही. लांबू भिंतीला टेकून रडत होता आणि शेपटाने त्याचा हात धरला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे छोटे आजोबा गेले.

मग बरंच काही झालं. केंद्रातला तो कारकून बदलला. सेक्रेटरींना लाज वाटली असावी, कारण आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. सत्कारही झाला. साहेबांनी भाषणात चौघांना हुशार, धाडसी आणि आणखी काय काय म्हटलं. टाळ्या वाजताना टिटवी आपल्या चपलांकडे बघत होती.

त्या संध्याकाळी ती आजोबांजवळ येऊन बसली.

"काय गं? एवढं कौतुक झालं आणि तोंड असं?"

"आजोबा, त्या दिवशी छोट्या आजोबांनी सात वेळा फोन लावला होता. फोन माझ्या पिशवीत होता. मी घरी असते तर त्यांनी मला तरी सांगितलं असतं."

आजोबांचा हात आपसूक कानातल्या यंत्राकडे गेला. ऐकू आलं नाही असं म्हणायची आता सोय नव्हती.

"सांगितलं असतं, कदाचित," ते शेवटी म्हणाले. "मग मला तो कागद मिळाला असता, आणि त्याचा श्वास ऐकायला मिळाला नसता. यातलं कोणतं बरं, ते मला नाही ठरवता येत, बाळा."

"तुम्ही रागावलात?"

"वाईट वाटतंय. फार वाटतंय. पण तुझ्यावर नाही गं." त्यांनी तिला जवळ ओढलं. "इतके दिवस एकटीच हे घेऊन फिरत होतीस?"

टिटवीने मान डोलावली, आणि मग ती रडायला लागली. आजोबांनी यंत्र काढलं नाही. तिचं रडणं थांबेपर्यंत ते ऐकत बसले.