एकतीस ओळींचं पत्र

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गेल्या तीस वर्षांत कुणी ठेवलेला नाही. फिनलंडातल्या आमच्या कायानी गावात ही गोष्ट मी न्हाव्याच्या दुकानात सांगितली, तळ्यावर मासे धरताना सांगितली, एकदा तर अक्कलदाढ उपटली जात असताना सांगितली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पक्कड बाजूला ठेवून मान हलवली, पण गोष्ट संपेपर्यंत दाढेला हात लावला नाही. तेव्हा कॉफी घ्या, वेलचीचे पाव घ्या, आणि ऐका.

त्र्याण्णवचा जुलै. कायानीच्या शाळेच्या व्यायामशाळेत सहाशे पोरं आपापले कॉम्प्युटर घेऊन जमली होती. तीन दिवस तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, आणि शनिवारी संध्याकाळी संगीताची स्पर्धा. कुणी बापाच्या गाडीच्या टपावर यंत्र बांधून आणलं, कुणी बटाट्याच्या पोत्यातून. विर्पी नावाच्या एका मुलीने आपला अमिगा कॉम्प्युटर आणि जुना टीव्ही बाबागाडीत घालून, वर गोधडी टाकून बसमधून आणला होता. वाटेत दोन आज्ज्या वाकून म्हणाल्या, किती शहाणं बाळ आहे, रडत सुद्धा नाही.

ती गाडी टेबलांमधून ढकलताना चाकात एक वायर गुंतली, ताणली गेली, आणि भिंतीतला प्लग टक्कन बाहेर आला. शेजारच्या टेबलावरचा पडदा काळा झाला.

त्या टेबलामागे एक उंच, किडकिडीत मुलगा बसला होता. कपाळावरचे केस डोळ्यांत गेलेले. तुर्कूचा यार्को. तीन तास खपून केलेलं गाणं, आणि साठवलेलं नाही. आसपासच्या पोरांनी श्वास रोखला. विर्पी प्लग हातात धरून उभी... आता हा ओरडणार. तिला ओरडा खायची सवय होती, तेवढं ती सहज पचवू शकली असती. पण यार्कोने आधी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग प्लगकडे, मग तिच्याकडे — जरा जास्तच वेळ.

"वाईटच होतं ते," तो म्हणाला. "बस इथे. जागा आहे."

आणि तिथून विर्पीला भीती वाटू लागली ती वेगळीच.

त्या काळी कॉम्प्युटरवर गाणी करायचा प्रोग्राम म्हणजे ट्रॅकर. पडद्यावर आकड्यांच्या चार उभ्या रांगा पावसासारख्या सरकत राहतात, आणि एका रांगेत एका वेळी एकच आवाज. आवाज ज्याचे त्याने गोळा करायचे. विर्पीने हिवाळ्यात तळ्यावरचं बर्फ तडकतानाचा आवाज टेपवर धरला होता, आणि खिडकीतल्या डासाचा. बर्फाचा आवाज जेमतेम सेकंदभर. तिला तो लांबवायचा होता, पण शेवट सुरुवातीला जोडला की दर वेळी मधे 'टक्' वाजायचं.

यार्कोने आपली खुर्ची सरकवली. हेडफोन एकच, म्हणून एक कान त्याचा, एक कान तिचा. पडद्यावर आवाजाची लाट दिसत होती, डोंगरदऱ्यांसारखी. तो हळू म्हणाला की भलत्या उंचीवर कापलंस तर सांधा ऐकू येणारच. लाट मधल्या रेषेवर येईल तिथे काप, आणि दोन्ही टोकं एकाच दिशेने चढत असू देत. त्याने माऊसवरच्या तिच्या हातावर हात ठेवला — ठेवला म्हणजे काय, अर्धा इंच वरच धरला. बर्फ गाऊ लागलं. न थांबता, न अडखळता. विर्पीचे हात त्या बर्फाहून गार पडले होते.

शुक्रवार असा गेला. त्याने तिला भाजलेला सॉसेज दिला, तिने त्याला राय धान्याच्या पावाचा तुकडा. तिने विचारलं की तुझं गाणं मी मारलं, तुला राग कसा आला नाही. तो म्हणाला, "आला होता. पण मग तू बसलीस."

रविवारी सकाळी त्याची बस होती. तुर्कू म्हणजे देशाचं दुसरं टोक. तोपर्यंत काही बोललं नाही तर झालंच. शेजारी बसून ती कितीदा म्हणाली, "यार्को..." आणि तो वळला की, "...काही नाही. कॉफी हवी का?" त्या दोन दिवसांत त्या पोराने इतकी कॉफी प्यायली की पुढचा आठवडाभर त्याला झोप लागली नाही.

शेवटी तिला ट्रॅकरवाल्यांची जुनी खोड आठवली. गाण्यातल्या प्रत्येक आवाजाला नाव द्यायला एक ओळ असते, अशा एकतीस. पण नावं कोण देतो? सगळे त्या ओळींत मित्रांना निरोप लिहितात, शत्रूंना शिव्या घालतात. विर्पीने गाण्याच्या दोन प्रती केल्या. एकीत साधी नावं — ढोल, झांज, बर्फ, डास. ती स्पर्धेला. दुसरीत एकतीस ओळींचं पत्र. ती यार्कोला, घरी जाऊन एकट्याने उघडायला. दोन्ही फ्लॉप्या निळ्या, दोन्हींवर एकच नाव. शनिवारी चार वाजता तिने एक स्पर्धेत दिली आणि पाच वाजता, मान खाली घालून, दुसरी त्याच्या हातात.

घरी जाऊन उघड, असं ती सांगणार तोवर त्याने ती उघडलीसुद्धा.

"ढोल, झांज, बर्फ, डास," त्याने वाचलं. "छान. नीटनेटकं आहे."

म्हणजे पत्राची फ्लॉपी स्पर्धेत गेली होती. आणि त्याच वेळी संयोजक सेप्पोने माइक फुंकून सांगितलं की यंदा एक गंमत आहे, गाणं वाजत असताना त्यातल्या सगळ्या ओळी समोरच्या भिंतीवर दिसतील, म्हणजे कुणाचे निरोप वाया जाणार नाहीत. हॉलने टाळ्या वाजवल्या.

विर्पी धावली. सेप्पोने सगळ्या फ्लॉप्या शाळेच्या सूपाच्या पातेल्यात घालून वर सायकलचं कुलूप लावलं होतं. ती म्हणाली, चूक झाली, बदलून दे. त्याने विचारलं, चूक गाण्यात आहे का? नाही. चुकीचं गाणं दिलंस का? तेही नाही. मग अडचण काय? सेप्पो वाईट नव्हता, पण गणिताच्या मास्तरांचा मुलगा होता.

"मागच्या वर्षी सख्ख्या भावाला बदलू दिलं नाही, बाई," तो म्हणाला. "जा, बस जाऊन."

तिच्याआधी अकरा गाणी होती. कर्णे एवढे दांडगे की शाळेमागच्या तळ्यातले मासे काठावर येऊन पडले, पण विर्पीला फक्त आपली छाती ऐकू येत होती. दार चाळीस पावलांवर, मधे सहाशे पोरांचे पाय. आठवं गाणं संपलं. नववं. हे सगळे हसतील, आणि तो हसणार नाही, तो नुसता उठून जाईल... तिने त्याची बाही ओढली. बाहेर जाऊ या का?

"तुझं गाणं राहिलंय ना?"

"म्हणूनच."

त्याला वाटलं, पहिल्या खेपेची धास्ती. त्याने या वेळी हात खरंच तिच्या हातावर ठेवला. "घाबरू नकोस. मी आहे ना इथे."

त्याहून भयंकर वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

मग बर्फ तडकलं. चार हात उंच अक्षरं भिंतीवर चढू लागली. *शेजारी बसलास की, हात गार पडतात, रविवार येऊ नये, तू फार कमी बोलतोस, म्हणून मीच विचारते...* तिसऱ्या ओळीला मागून कुणीतरी हसलं. पाचव्या ओळीला कुणीच नाही. नाव कुठेच नव्हतं. आणि फार कमी बोलतो, ही खूण फिनलंडात कुणाला लागू पडत नाही? सहाशेच्या सहाशे पोरांना वाटलं, हे आपल्यालाच. पाठीमागच्या रांगांत कंगवे निघाले. औलूच्या एका गड्याने तर उभं राहून शर्ट आत खोचला.

यार्कोने हात काढून घेतला.

"कोण आहे तो?" त्याने विचारलं. तो खाली वाकून आपली पिशवी चाचपू लागला. "नशीबवान आहे," एवढंच म्हणाला, आणि उठला.

आतापर्यंत भीती होती की त्याला कळेल. आता भीती ही की कळणार नाही. एक रांग ओलांडून तो गेला, दुसरी ओलांडली... विर्पी खुर्चीवर चढली. खुर्ची करकरत होती, सहाशे माना वळल्या होत्या. तिने डोळे मिटले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यार्को —"

"यार्को, पुरे आता," माझी बायको म्हणाली. ती कॉफीचं भांडं घेऊन मागे कधीची उभी होती, मला पत्ता नाही. "विर्पी खुर्चीवर कधी चढली रे? माझं नाव घेऊन काय वाटेल ते सांगतोस. फ्लॉपी तुझी बदलली होती. पत्र तुझं होतं. सेप्पोच्या पाया पडायला तू गेला होतास, आणि सबंध वेळ माझ्या शेजारी कापत तू बसला होतास."

पाहुणे माझ्याकडे बघू लागले. मी पाव तोडला.

"आणि कंगवे कुठले? हॉलमध्ये आम्ही मुली होतो तिघी. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग त्या दोघींनी माझ्याकडे. मी याला विचारलं, हे मला आहे का? तर हा पिशवी उचलून पळाला. उत्तर आलं ते सप्टेंबरात. पोस्टाने."