पिंजऱ्याबाहेरची कोंबडी

कोंबडी सायकलच्या चाकाखाली येणार, एवढ्यात सायकलच आडवी झाली. कोंबडी वाचली, माढ्याहून आलेले जनावरांचे नवे डॉक्टर मानसिंग मात्र बार्शी रस्त्याच्या फुफाट्यात बसले.

"लागलं का हो?" विजयमाला धावत आली.

"मला... की हिला?"

तिनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

कोंबडी तिच्या वडिलांची, कोंडीबांची. त्यांनी यंदा तारेचे पिंजरे आणले होते. एकेका पिंजऱ्यात चौघी कोंबलेल्या. पंख पसरायला जागा नाही, पाय तारेवर सोललेले. ही पांढरी फारच खंगली, म्हणून विजयमालानं तिला चोरून बाहेर काढलं होतं.

"आबास्नी सांगू नका हं..."

"नाही सांगत. पण रोज येऊन तपासावं लागेल."

"रोज?"

"रोज —" कोंबडीकडे न बघताच मानसिंग म्हणाले.

मग संध्याकाळी दोघं गोठ्यामागच्या लिंबाखाली भेटू लागले. पांढरी मातीत लोळे, पंख झाडी. आणि विजयमाला अशी खुलून हसे, की मानसिंग कोंबडी तपासायचंच विसरत.

चैत्र तापला. पिंजऱ्यात कोंबड्या चोची वासून धापा टाकू लागल्या, मरू लागल्या. विजयमालाचे डोळे भरलेले पाहिले आणि मानसिंग सरळ कोंडीबांपुढे उभे राहिले.

"पिंजऱ्यात गर्दी झालीय. मोकळं सोडा त्यांना."

"तुमी सुई टोचा अन् जावा! उद्यापासनं हितं येऊ नका."

ते आले नाहीत. लिंबाखाली विजयमालाला करमेना... शेवटी मनाचा हिय्या करून तिनं पांढरीला वडिलांच्या पुढ्यात ठेवलं.

"आबा, ही मरायला टेकली व्हती. मीच भाईर काढली. बगा की आता!"

कोंडीबांनी कोंबडी उचलली. नव्या पिसांतून बोटं फिरवली.

"एक शेड मोकळी करू. खाली भुसा टाकू. पर समदं तूच बगायचं."

"अन् डागदर?"

"बोलाव जा. लई तोडून बोललो त्यास्नी."

दवाखान्यात मानसिंग म्हशीला सुई टोचत होते. दारात तिला पाहून हात तसाच थांबला.

"कोंबड्या मोकळ्या सोडायच्यात. आबांनी बोलावलंय."

"फक्त आबांनी?"

तिनं मान खाली घातली. "...मीबी."

"मग आता रोज येऊ?"

"रोज कशाला?" ती कशीबशी म्हणाली, "एकदाच या... माढ्याहून आईवडलांस्नी घिऊन."

आणि वळून पळालीसुद्धा.

मानसिंगनी सुई खाली ठेवली. मग म्हशीच्या मालकाला म्हणाले, "अहो पाहुणं, माढ्याची एस्टी किती वाजता सुटते?"