पुंजण्याखालची हाक

उदारामला माणसांचे फोटो काढायचा मनस्वी कंटाळा, आणि पोट भरायचं ते नेमकं त्याच फोटोंवर. गोंदियात रेल्वे फाटकाजवळ त्याचं एका खोलीचं दुकान होतं, मागच्या खोलीत तो आणि बायको सुशिलाबाई. खुर्चीवर बसलं की गिऱ्हाईक पोट आत ओढून दुसरंच कुणी व्हायचं. बारा वर्षं हे पाहून पाहून माणसाच्या तोंडावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. फावल्या वेळात तो रचलेल्या वस्तूंचे फोटो काढी. स्टेशनातले रुळांचे लाकडी स्लीपर, बाजारातली मडकी, छपराच्या कवेलूंच्या चळती, तेंदूपानांचे पुडे. रचलेली वस्तू खोटं बोलत नाही, हे तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगायचा.

त्यामुळे १९५६ च्या डिसेंबरात गोरेगावकडच्या जियालाल पाटलाचा निरोप आला तेव्हा गडी खूश झाला. पाटलाला फोटो हवा होता तो धानाच्या पुंजण्याचा. कापलेल्या धानाचे भारे, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर ठेवून, गोल गोल रचत नेतात ते पुंजणं. पाटलाचं पुंजणं यंदा तीन पुरुष उंच होणार होतं, आणि एवढं उंच पंचक्रोशीत कुणी पाहिलं नव्हतं.

उदाराम कॅमेरा, तिपाई, काचेच्या प्लेटांचे दोन नवे खोके आणि त्या धुवायच्या औषधाच्या बाटल्या घेऊन पोचला, तेव्हा शेवटचे भारे चढत होते. वर सेवकराम होता. रचणारा म्हणून त्याचं नाव चार गावांत घेतलं जाई. वर उभा राहून तो भारे झेलत होता आणि पायानं दाबून बसवत होता.

त्या गावची एक रीत होती. रचणारा आपणहून खाली उतरत नसे. ज्याचं धान त्यानं पुंजण्याला हात लावून, रचणाऱ्याचं नाव घेऊन तीनदा हाक मारायची, मगच तो शिडीवर पाय टाकायचा. उदारामनं पाटलाच्या आईला कारण विचारलं.

"चढवलं त्यानंच उतरवा लागते, बाप्पा," म्हातारी म्हणाली आणि सुपात धान पाखडत राहिली.

मावळतीच्या उन्हात उदारामनं पहिली प्लेट घेतली. तेवढ्यात पाटलाचं आणि सेवकरामचं वाजलं. पुंजणं एवढ्या लवकर एवढं उंच कसं झालं, असा पाटलाला संशय आला होता.

"मंधात पोकळी ठेवून राहिला तू," पाटील ओरडला. "मंग वाचलेले भारे हळूच घरी नेशील!"

"वीस वर्षं रचून राहिलो, पाटील. माह्यावर शक?"

पाटलानं सगळ्यांदेखत पाठ फिरवली आणि हाक न मारताच तो घराकडे निघून गेला. सेवकराम थोडा वेळ वर उभा राहिला, मग हसला आणि आपला आपण उतरला. उदारामनं त्याला उतरताना पाहिलं. एवढंच काय, स्वतःच्या हातानं बिडी दिली. ती सेवकरामच्या बोटांत विझून गेली, तरी त्यानं ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदारामनं नुसत्या पुंजण्याचा फोटो घेतला. तिपाई उचलायला सेवकरामच सोबत आला होता आणि फोटो घेताना तो उदारामच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर उभा होता. दुपारी पाटलाच्या अंधाऱ्या कोठीत उदारामनं प्लेट धुतली. पुंजण्यावर माणूस होता. गुडघ्यापर्यंत भाऱ्यांत रुतलेला.

जुन्या प्लेटवर पुन्हा फोटो घेतला असेल, असं त्यानं आधी मनाला समजावलं. पण पहिल्या संध्याकाळची प्लेट वेगळी ठेवलेली होती आणि तीत सेवकरामचे पाय पूर्ण दिसत होते. मग त्याला प्लेटा विकणाऱ्या नागपूरच्या दुकानदाराचा संशय आला, मग स्वतःच्या हातांचा, आणि शेवटी सेवकरामचा. हा माणूस मागून वर चढला असेल का? पण तो तर बाजूला उभा होता. त्याच्या अंगाची ऊब मात्र लागली नव्हती, हे आता आठवलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं दुसरा खोका फोडला. सेवकरामला समोर बसवलं, त्याच्यावर नजर ठेवूनच कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि लावलं. प्लेटमध्ये वरचा माणूस छातीपर्यंत आत गेला होता. तोंड उघडं होतं.

उदाराम कोठीबाहेर आला तर दारात सेवकरामची बायको रुख्मा उभी होती.

"फोटूवाले भाऊ, तुमी दोन दिवस ह्यायच्यासंगं होते म्हनून विचारून राहिली. परवापासून अन्नाले हात नाई लावला. हाक मारली तं खाली पाहतेत."

"खाली म्हणजे?"

"जमिनीकडं. मी बाजूले बसली असते, अना हे जमिनीकडं पाहतेत. जसी मी कुठूनतरी खालून बोलून राहिली."

उदारामनं तिला प्लेट दाखवली. तिनं ती उजेडाकडे धरली आणि नवऱ्याला ओळखलं. उद्यापर्यंत वर काही दिसणार नाही, एवढं तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दोघं पाटलाकडे गेले, हाक मारा म्हणून विनवायला. पाटलानं तिन्ही प्लेटा नीट पाहिल्या आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"फोटूत कायबी करता येते, मले माहीत आहे. तू अना सेवकराम मिळून मले गड्याम्होरं वाकवून राहिले. हाक मारली म्हंजे माही चूक कबूल झाली, नाई का?"

रुख्मानं त्याचे पाय धरले. पाटील मागे सरला.

"तूच चढ वर," तो उदारामला म्हणाला. "कोनी सापडला तं हाक मारतो."

उदाराम कोट सावरत चढला. खाली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, सेवकराम बसला होता, शेजारी रुख्मा. वर वारा होता आणि चहूकडे कापलेल्या धानाच्या बांध्या. पुंजण्याच्या मधोमध एक खळगा होता, माणसाच्या अंगाएवढा. पाटलाचा पोकळीचा संशय खरा ठरणार, असं वाटून त्यानं आत कोपरापर्यंत हात घातला.

आत ऊब होती. आताच कुणी उठून गेल्यावर गोधडीत राहते तशी. त्यानं हात काढला तेव्हा भारे हळूच मिटले.

त्यानं नुसतं खाली पाहिलं. पण त्याचं तोंड पाहून पाटलाचा चेहरा उतरला. पाटलानं पुंजण्याला हात लावला.

"उतर गा, सेवकराम."

काही झालं नाही.

"उतर गा, सेवकराम!"

तिसऱ्या हाकेला पाटलाचा आवाज फुटला. धुऱ्यावरचा सेवकराम खाडकन उठला, खोकला, आणि त्यानं रुख्माच्या तोंडाकडे पाहिलं. "पानी दे," म्हणाला. त्याच्या केसांत, कानांत, पापण्यांवर भुसा होता. मघाशी नव्हता.

रुख्मा रडत सुटली. सगळे तिकडे धावले. पाटीलही पुंजण्याकडे पाठ करून तांब्या घेऊन धावला.

वर उदाराम एकटाच राहिला. पाटलाला आवाज द्यावा, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं. पण शहरातला शिकलेला माणूस, मलाही हाक मारा असं कसं म्हणायचं? त्याला लाज वाटली. तो शिडीनं आपला आपण उतरला.

निघताना त्यानं नुसत्या पुंजण्याची एक प्लेट घेतली, स्वतःच्या संग्रहासाठी. पाटील आता मऊ पडला होता. उद्या दिवस निघताच चुरणीला, धान मळायला, हात घालतो, पुंजणंच मोडून टाकतो, म्हणाला.

गोंदियात पोचून, दिवेलागणीला, उदारामनं ती प्लेट धुतली.

पुंजण्यावर कोट घातलेला माणूस होता. तो एकटाच उभा होता, थेट कॅमेऱ्याकडे पाहत. त्याची पावलं दिसत नव्हती.

गोरेगावची पहिली मोटार सकाळी नऊला सुटायची, आणि पुंजणं दिवस निघताच मोडणार होतं. उदारामनं टेबलाकडे पाहिलं. सुशिलाबाईनं आल्याबरोबर ठेवलेल्या चहावर साय धरली होती. पुंजण्यावरून उतरल्यापासून भूक लागलेलीच नव्हती.

"अवो, ताट वाढलं," सुशिलाबाई दारातून म्हणाली. "आइकून राहिले ना?"

उदाराम वाकला आणि खाली, फरशीकडे पाहू लागला.