दोन वाट्यांतलं पाणी

कल्लीबेकची कवटी फावड्याने फोडली होती. अरल समुद्राच्या काठी, खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीच्या वाळत घातलेल्या अंड्यांच्या ढिगात तो तोंड खुपसून पडला होता. लालसर भुकटी रक्ताने चिकट झाली होती. विक्रीसाठी भरलेली अंड्यांची पोती गायब होती.

प्रेताला मिठी मारून रडणारा त्याचा मेहुणा एसिमबेत पोलिसांनी उचलला. अंगभर रक्त, आणखी पुरावा कशाला! कोठडीत त्याचे दोन दात पडले.

"आपा, मी त्याला नुसतं उचलायला गेलो हो," तपास अधिकारी सर्बिनाझपुढे तो हुंदके देऊ लागला.

त्याला मारणाऱ्या पोलिसांचा तिला संताप आला. पोती काय चालत गेली? ती थेट लांबच्या कुंग्रादला, कल्लीबेकची पोती ट्रकने वाहणाऱ्या पेर्देबायच्या घरी धडकली.

"आगा, समुद्राकडे शेवटचे कधी गेलात?"

"या मोसमात नाहीच. ट्रक बंद पडलाय."

"बूट नवे दिसतात."

"परवाच घेतले. अंगणाबाहेर पडले नाहीत अजून. विचारा हिला." त्याने बायकोकडे बोट दाखवलं.

खून कालचा. बूट चकचकीत होते, पाण्याची बोंब असलेल्या त्या मुलखात घासतात तसे कोरड्या वाळूने घासलेले. सर्बिनाझने दोन वाट्या पाणी आणि मीठ मागितलं.

"चहात मीठ घालता की काय, बाईसाहेब?" तो हसला.

दोन्ही वाट्यांत मीठ विरघळवून तिने एका वाटीत बुटांच्या खाचांतली धूळ सुईने कोरून टाकली, दुसरीत अंगणातली वाळू. वाट्या चुलीजवळ ठेवल्या आणि पहाऱ्याला शिपाई बसवला.

दुसऱ्या दिवशी वाळूची वाटी शांत होती. धुळीच्या वाटीत इवले ठिपके पोहत होते.

"कोळंबीची पिल्लं," सर्बिनाझ म्हणाली. "अंडं सुकलं की आतली एक साखर पाण्याची जागा घेते, जीव सांभाळते. ऊन, थंडी, वर्षं, कशानेच मरत नाही. खारं पाणी मिळालं की जागं. तुमच्या अंगणात ही नाहीत, म्हणजे बूट समुद्रावर गेले होते. पोती चोरताना कल्लीबेकने पकडलं, तुम्ही फावडं घातलंत. घासून रक्त गेलं, आगा. ही राहिली."

पेर्देबायने चुलीतली सळई उचलून तिच्या खांद्यावर हाणली. हाड कडकन मोडलं. तिने दुसऱ्या हाताने उकळती किटली त्याच्या तोंडावर फेकली.

"मरतच नव्हता तो!" तो लोळत किंचाळला. "पुन्हा पुन्हा उठत होता!"

संध्याकाळी गळ्यात हात बांधून तिने स्वतः कोठडी उघडली.

"सुटलास. पेर्देबाय होता."

एसिमबेत जागचा हलला नाही. "आपा, तो लगेच गेला ना? फार नाही ना सोसलं त्याने?"

सर्बिनाझने त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"लगेच गेला," ती म्हणाली.