सीतादहीचा वाटा

जेवणे उरकल्यावर माझ्या भावाने, चारुदत्तने, रिकामे पोते शोधून काढले. त्याच्या मुलीने त्या दिवशी शाळेच्या वाटेवरून मांजराचे पिल्लू आणले होते आणि ते ठेवून घ्या म्हणून रडता रडता ती तशीच झोपली होती. ती उठण्याआधी पिल्लू नदीपलीकडे सोडून यायचे आणि सकाळी ‘पळून गेले’ म्हणून सांगायचे, असा त्याचा बेत होता. पाणी ओलांडून सोडलेले मांजर परत येत नाही, असे आमच्या आर्णीत सगळेच धरून चालतात.

चंद्रशेखरकाका ओसरीवर बसले होते. तहसील कचेरीत उभे आयुष्य गेलेला हा माणूस भुताखेतांच्या गोष्टींना कधी थारा देत नाही. म्हणूनच ते बोलू लागले तेव्हा आम्ही तिघे-चौघे भावंडे थांबलो.

“पोतं खाली ठेव,” ते चारुदत्तला म्हणाले. “आधी ऐक. मग जायचं तर जा.”

आवाज चढलेला नव्हता. पण ते संतापले होते, आणि हकीकत संपेपर्यंत तो संताप उतरला नाही.

हकीकत लालसिंगची. लालसिंग हा त्यांच्या ओळखीचा मेटॅडोरवाला. हंगामात तो खेड्यांतला कापूस दिग्रसच्या जिनिंगला, सरकी काढायच्या कारखान्यात, पोचवतो. त्याचे एक जुने गिऱ्हाईक वामनराव, चांगल्या बागाईतीचे शेतकरी. त्यांच्या शेतात कार्तिकात सीतादही झाले. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी घरची बाई पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पूजा करते आणि दहीभात शिंपडते. कापूस तसाच पांढराशुभ्र फुटावा, हा त्यामागचा भाव. वामनरावांच्या पत्नी विमलताई यांनी पळसाच्या पानावर नैवेद्य मांडला, डोळे मिटून हात जोडले, आणि डोळे उघडले तर पऱ्हाटीखालून आलेले एक करडे पिल्लू तो दहीभात चाटत होते.

वामनरावांनी ढेकूळ उचलले. त्यांची चौथीत शिकणारी लेक सुरभी मध्ये आडवी आली. विमलताई म्हणाल्या, ज्याने सीतादही खाल्ले ते घरचे झाले, त्याचा वाटा आता आपल्याकडे. वामनरावांनी ढेकूळ टाकले. राग टाकला नाही.

पिल्लू घरी आले आणि पुढच्या खोलीत छतापर्यंत भरलेल्या कापसात झोपू लागले. केस चिकटले तर व्यापारी भाव पाडतो, अशी वामनरावांची कुरकुर रोज चाले. अखेर लेकीने हट्ट धरल्यावर त्यांनी शब्द दिला: कापूस जाईपर्यंत पोरीने खोलीचे दार लावून घ्यावे, कापूस गेला की मांजर कायमचे तिचे. त्या दिवसापासून सुरभी आपल्या ताटातला दहीभात आठवणीने बाजूला काढत असे.

“मोठा माणूस शब्द देतो आणि मोडून मोकळा होतो,” काका चारुदत्तकडे न पाहता म्हणाले, “लहान मूल मात्र तो शब्द सांभाळत बसतं.”

गेल्या वर्षीची भोगी. संक्रांतीची आदली रात्र. पहाटे जिनिंगच्या रांगेत पुढे लागायचे म्हणून लालसिंगने दिवेलागणीला गाडी दाराशी लावली. मायलेकी दुपारी तीळ-गूळ आणायला बाजारात गेल्या होत्या. परतल्या तो पिल्लू नव्हते. गठुडी बांधणाऱ्या गड्यांच्या गडबडीने पळाले, असे वामनरावांनी सांगितले. सुरभीने सगळी आळी पालथी घातली होती. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती लालसिंगपाशी आली.

“काका, कापसात पाहजा. तिथंच झोपलं असन. पाय नोका देऊ.”

लालसिंगने शब्द दिला. एरवी गडी गाडीत उभे राहून कापूस तुडवतात. त्या दिवशी त्याने प्रत्येक गठुडे हाताने चाचपून भरले. पिल्लू सापडले नाही. ताडपत्री बांधली. मध्यरात्र उलटल्यावर तो आणि वामनराव निघाले.

रस्ता मोकळा होता. थंडी कडक. नदीच्या पुलाच्या अलीकडे मागून आवाज आला.

बारीक. दबलेला.

“भाऊ, मांजर राह्यलं गाडीत.”

“काही नाही राह्यलं. चाल तू.”

पुन्हा आवाज. या वेळी अगदी पाठीमागे, केबिनच्या पत्र्याला लागून. आणि नखे. पत्र्यावर खालून वर… थांबून… पुन्हा खालून वर.

इथे मी काकांना अडवले. पिल्लू कापसात खोल दडलेले असणार. यात भूत कुठे आले?

“मलाही तेच वाटलं,” काका म्हणाले. “लालसिंगलाही तेच वाटलं. म्हणून तर त्यानं गाडी थांबवली.”

त्याने पुलाच्या तोंडाशी ब्रेक लावला. पोरीला शब्द दिला आहे, सगळा कापूस रस्त्यावर उतरवावा लागला तरी चालेल, असे म्हणून तो दार उघडू लागला. वामनरावांनी त्याचे मनगट पकडले.

“त्यात मांजर नाही, लालसिंग. दुपारीच… धुऱ्यापाशी पुरलं म्या.”

“नदीपल्याड सोडाचं ना, भाऊ.”

“तेवढा टाइम कुठं होता. पोत्यात बांधलं न…”

लालसिंगने एकच विचारले.

“पुरलं तवा मेलं होतं का?”

वामनराव समोरच्या काचेकडे पाहत राहिले.

“भाऊ. मेलं होतं का?”

उत्तर मागून आले. कापसातून.

लालसिंगने गाडी वळवली. वामनराव रांगेचे बोलू लागले, कापसाच्या भावाचे बोलू लागले. त्याने ऐकले नाही. मागचा आवाज कशाचा, याचा विचार करायला तो थांबला नाही. त्याचा हिशेब सरळ होता: माती भुसभुशीत असेल, पोत्यात हवा असेल, तर अजूनही वेळ गेली नसेल. पोरीचे पिल्लू जिवंत निघेल. शेतापर्यंत आवाज त्यांच्यासोबत होता. धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, गाडी थांबली आणि तो बंद झाला.

गाडीच्या दिव्यांच्या उजेडात जागा दिसली. वर ठेवलेला दगड तसाच. माती कुत्र्याने उकरलेली नव्हती, दबून गेली होती. तिच्यावर वामनरावांच्या चपलांचे ठसे होते.

“उकरा,” लालसिंग म्हणाला. “तुमीच उकरा.”

वामनरावांनी हातांनी उकरले. नखांत माती. थांबले. पुन्हा उकरले.

“मग?” चारुदत्तने विचारले. पोते त्याच्या हातातून कधी सुटले ते मला दिसले नाही.

लालसिंगने सकाळी सुरभीला सगळे खरे सांगून टाकले, एवढे काका आधी म्हणाले. तिच्या आईने दोन वेळा मध्यस्थी केली, तरी ती बापाशी आजही बोलत नाही. आणि काकांच्या मते तिने बोलूही नये. या हंगामात सीतादही घालायला विमलताई शेतात गेल्याच नाहीत.

मग ते वामनरावांच्या पोत्याच्या गोष्टीकडे वळले.

पोते निघाले. तोंड सुतळीने आवळलेले, वामनरावांचीच गाठ, वर माती बसलेली. गाठ सुटेना. लालसिंगने विळ्याने सुतळी कापली आणि पोते उजेडात उलटे केले.

मांजर नव्हते. एक केसही नव्हता.

पळसाचे एक पान पडले. हिरवे. त्यावर दहीभात… ताजा, थंड.

एका कडेने चाटलेला.